नाताळातील दुकान : प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

१७ जून २०२४

वाणिज्य आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून यंदा महाविद्यालयात एक दुकान उभारायचे ठरले आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीत, १८९८ च्या सुमारास, गोऱ्या वसाहतकारांच्या गावात एखादा भारतीय दुकानदार कापडचोपड, बूट आणि किराणा विकत असे, तसे ते दुकान असेल. त्यासाठी तळमजल्यावरची बारा फूट बाय दहा फुटांची खोली मिळाली आहे. सामान जमवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांनी घेतली असून मजकूर आणि या नोंदी माझ्याकडे आहेत. पहिल्याच बैठकीत एक नियम करून घेतला : ज्या वस्तूबद्दल विचारले असता आपल्याला कारण सांगता येणार नाही, ती वस्तू कितीही शोभिवंत असली तरी मांडणीत ठेवायची नाही.

फलकावरील ‘नाताळातील दुकान’ हे नाव वाचून शिपाईमामांनी विचारले, “सर, डिसेंबरातला कार्यक्रम आत्ताच कसा?” गंमत अशी की त्यांचा गैरसमज अगदीच निराधार नाही. वास्को द गामाचे जहाज १४९७ च्या नाताळाच्या सुमारास त्या किनाऱ्याजवळून गेले, म्हणून त्याने त्या भूमीला हे नाव दिले, आणि मराठीने सण आणि प्रदेश या दोहोंना एकच शब्द वापरला. नाव तसेच ठेवले आहे. खाली ‘दक्षिण आफ्रिका’ एवढी ओळ वाढवली.

२१ जून

गाव कोणते दाखवायचे, यावर सगळा दिवस गेला. पीटरमॅरिट्झबर्ग १८३८ मध्ये केप वसाहत सोडून आलेल्या बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या, कुटुंबांनी वसवले. १८४३ मध्ये इंग्रजांनी नाताळ ताब्यात घेतल्यावर ते वसाहतीच्या राजधानीचे शहर झाले. १८४९ ते १८५१ या काळात बर्न नावाच्या दलालाच्या योजनेतून इंग्लंड-स्कॉटलंडमधील काही हजार माणसे जहाजांनी आली. शेतीसाठी म्हणून आलेल्यांपैकी पुष्कळांना जमीन पेलली नाही आणि ते गावात येऊन दुकान किंवा कारागिरी करू लागले. वसाहतकारांच्या गावांतील व्यापाराला गोरा पाया असा पडला, आणि पुढचे सगळे भांडण त्या पायावरचे आहे.

विद्यार्थ्यांचा कल डर्बनकडे होता, कारण बंदर, मोठा वेस्ट स्ट्रीट आणि भरपूर जुनी छायाचित्रे. तात्पुरते डर्बन मान्य केले.

२९ जून

दुकानदार कोण होते याचा फलक लिहिला. ऊस मळ्यांसाठी करारबद्ध मजुरांना घेऊन ‘ट्रुरो’ हे पहिले जहाज मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बनला लागले, आणि १९११ पर्यंत अशी दीड लाखांहून अधिक माणसे तेथे गेली. पाच वर्षांचा करार संपल्यावर जे तेथेच राहिले, त्यांच्यातील काहींनी भाजीपाल्याची टोपली, मग फेरी, मग छोटे दुकान असा मार्ग धरला. दुसरा गट स्वतःच्या भाड्याने आलेला होता. मॉरिशसमध्ये व्यापार करणारे पोरबंदरचे मेमण शेठ अबुबकर आमद झवेरी यांनी १८७० च्या दशकात नाताळात दुकान काढले. त्यांची भरभराट पोरबंदरला कळल्यावर इतर मेमण आणि त्यांच्यामागून सुरतकडचे वोहरा आले. या शेठ लोकांना हिशेब लिहायला मेहते लागत, म्हणून काठेवाड-गुजरातेतील हिंदू मेहतेही त्यांच्याबरोबर गेले.

गोऱ्या लोकांनी या मुसलमान व्यापाऱ्यांना ‘अरब’ म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनीही ते नाव वापरले, कारण त्यामुळे ‘कुली’ या शिवीपासून थोडे अंतर राखता येई. पारशी स्वतःला पर्शियन म्हणवीत. बिचारा हिंदू मेहता मात्र कोठेच बसत नसे. फलकावर ही गोष्ट सविस्तर लिहिली आहे, कारण दुकानाच्या पाटीवर आणि पोशाखावर कोण कोणाला काय म्हणत होते यावर धंदा काही अंशी अवलंबून होता.

६ जुलै

सामानाचा दिवस. आजची नोंद लांबणार आहे.

या दुकानाला तीन प्रकारचे गिऱ्हाईक होते आणि मांडणी त्यावरून ठरवली. पहिले आफ्रिकी गिऱ्हाईक, मुख्यतः झुलू भाषक. त्यांच्यासाठी लोकरी ब्लँकेटे, काचेचे मणी, निळीच्या रंगाचे बारीक छापाचे सुती कापड, तीन पायांची बिडाची भांडी आणि मक्याचे पीठ. दुसरे मळ्यांवरचे आणि करार संपलेले भारतीय. त्यांच्यासाठी तांदूळ, डाळ, तूप, हळद, चिंच, सुकी मिरची, खारवलेली मासळी आणि सालमपोर हे कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेले निळे सुती कापड. तिसरे गोरे, आणि त्यांतही मुख्यतः कमी उत्पन्नाचे. त्यांनी उघड सभेत या दुकानांविरुद्ध हात वर करायचा आणि महिनाअखेरीस स्वस्त मिळते म्हणून साखर तेथूनच न्यायची, हे अनेकदा घडे.

डाळीची एक मौज लिहून ठेवतो. नाताळच्या इंग्रजी कागदांत हा शब्द ‘धॉल’ अशा उच्चाराच्या अक्षरांनी लिहिलेला आढळतो. करारबद्ध मजुराच्या शिध्याच्या यादीतून तो वसाहतीच्या सरकारी भाषेत शिरला. आमच्या पोत्यावर तसेच ‘धॉल’ रंगवले आहे आणि खाली बारीक अक्षरांत ‘म्हणजे आपली डाळच’.

बुटांवरून वाद झाला. एका गटाने उत्साहाने कोल्हापुरी चपलांचा जोड आणला होता. नियमाप्रमाणे तो परत केला. त्या काळी नॉर्दॅम्प्टनसारख्या इंग्रजी गावांतून तयार बूट साऱ्या वसाहतींना जात, आणि दुकानदार डर्बनच्या घाऊक पेढीकडून उधारीवर माल उचलून ते विकीत. म्हणून आम्ही जाड तळाचे, नाडीचे कातडी बूट नाडीने जोडी बांधून दांडीवर टांगले. खाण, रेल्वे आणि शहरातील मजुरी यांच्याबरोबर बुटांची मागणी वाढली. ब्लँकेट आणि बूट हे दोन माल शेजारी टांगले की गाव आणि खेडे यांच्यातील माणसांची ये-जा दुसरे काही न लिहिता दिसते.

खरेदीची ऐपत कळावी म्हणून एक आकडा पुरेसा आहे : करारबद्ध मजुराचा पहिल्या वर्षीचा पगार महिना १० शिलिंग, आणि पुढे दरवर्षी महिन्याला १ शिलिंग वाढ. करार संपल्यावर परत न जाणाऱ्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला ३ पौंड, म्हणजे ६० शिलिंग, कर बसवला. पहिल्या वर्षीच्या पगाराने मोजले तर सहा महिन्यांची मजुरी. अशा गिऱ्हाइकाला उधारी दिल्याशिवाय दुकान चालणे शक्यच नव्हते. गल्ल्याशेजारी उधारीची छोटी वही ठेवण्याचे तेव्हाच ठरले. ती वही पुढे इतकी जागा खाईल याची मला कल्पना नव्हती.

आफ्रिकी गिऱ्हाईक भारतीयांकडे का वळले, याचे गांधींनी दिलेले कारण असे, की गोरा दुकानदार त्यांच्याशी हिडीसफिडीस करून वागे आणि भारतीय दुकानदार निदान गोड बोले. त्यांनी त्याच दमात असेही नमूद केले आहे, की संधी मिळाली तर भारतीय व्यापारीही त्यांना फसवल्याशिवाय राहत असे असे नाही. विद्यार्थ्यांनी पहिला भाग फलकावर लिहिला होता आणि दुसरा सोयीस्करपणे गाळला होता. तो घालायला लावला.

१३ जुलै

सुतारकाका आले. खोलीच्या पुढच्या दोन तृतीयांश भागात गल्ला, फडताळे आणि तागडी, आणि मागे पडद्याआड राहायची जागा असा आराखडा त्यांना दिला. “मागची खोली कोण बघणार? पुढचं नीट करू या,” असे ते म्हणाले, आणि मलाही ते पटत होते. परंतु त्या काळच्या तक्रारी वाचल्यावर मत बदलले. भारतीय दुकानदाराविरुद्ध गोऱ्या व्यापाऱ्यांची मुख्य ओरड अशी, की मालक आणि नोकर दुकानातच राहतात, तेथेच जेवतात, तेथेच निजतात, पहाटे उघडतात, रात्री उशिरा मिटतात, आणि त्यामुळे त्यांना माल स्वस्त देणे परवडते. व्यापारातील स्पर्धेची ही तक्रार लोकांपुढे मांडताना मात्र तिला आरोग्याचा आणि घाणीचा वेष चढवला जाई. मागची खोली म्हणूनच नीट करावयाची आहे : लाकडी सांगाडा, पन्हळी पत्रा, चार वळकट्या, एक चूल. सुतारकाकांनी पत्रा स्वतःच्या वखारीतून फुकट दिला.

२२ जुलै

आज डर्बन सोडले आणि न्यूकॅसल घेतले.

कारण १८९७ चा कायदा क्रमांक १८. घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांच्या परवान्यांचा हा कायदा पूर्ण वाचला तर त्यात ‘भारतीय’ हा शब्द कोठेही नाही. नगर परिषदेने किंवा नगर मंडळाने एक परवाना अधिकारी नेमावा. त्याने परवाना द्यावा किंवा नाकारावा. त्याच्या निर्णयावर अपील त्याच नगर परिषदेकडे करावे. त्यापलीकडे कोणत्याही न्यायालयाला त्यात हात घालता येणार नाही. दोन अटी याच्या जोडीला : १८८७ च्या दिवाळखोरी कायद्यात अपेक्षिलेल्या हिशेबाच्या वह्या इंग्रजीत ठेवण्याची अर्जदाराची तयारी असली पाहिजे, आणि जागा त्या व्यापारास योग्य व पुरेशा आरोग्यसोयींची असली पाहिजे. परवान्याशिवाय दुकान चालवल्यास प्रत्येक गुन्ह्याला २० पौंड दंड.

कायद्याची ही रचना हेतुपुरस्सर होती. १८९३ मध्ये नाताळला स्वतःचे जबाबदार मंत्रिमंडळ मिळाले होते, पण वंशाचे नाव घेऊन केलेला कायदा लंडनच्या वसाहत मंत्रालयाला अडचणीचा होता; म्हणून नाव न घेता तेच काम साधायचे, ही युक्ती. त्याच वर्षीच्या प्रवेशबंदीच्या कायद्यात युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येण्याची अट घालून बंदरावर जे केले, तेच येथे वहीच्या भाषेची अट घालून दुकानावर केले. आमच्या दुकानाची आरोग्याची अट मागच्या खोलीला आणि भाषेची अट उधारीच्या वहीला येऊन भिडते, आणि १३ जुलैला सुतारकाकांशी झालेला वाद त्यामुळे निकालात निघाला.

अपील ऐकणारे नगरसेवक कोण? डर्बनचे बेंजामिन ग्रीनेकर वेस्ट स्ट्रीटवरील मोठ्या कापड दुकानाचे मालक होते आणि एकाहून अधिक वेळा शहराचे महापौर झाले होते. कोणा एका प्रकरणात त्यांनी काय केले, हा माझा मुद्दा नाही. कापडाचा व्यापारी आणि नगरप्रमुख ही दोन माणसे एकच असू शकत, एवढेच दाखवायचे आहे. डर्बनमध्ये १८९८ मध्ये सोमनाथ महाराज या अर्जदाराचा परवाना नाकारला गेला, कारणे देण्यासही नकार मिळाला, आणि गांधींनी ते प्रकरण लढवले. सर्वोच्च न्यायालयाने कामकाजाच्या पद्धतीतील दोषावरून परिषदेचा निर्णय रद्द केला. म्हणजे गुणदोषांवर बोलण्याचा अधिकार न्यायालयाला नव्हता, पण अपील नीट ऐकले की नाही, एवढे ते पाहू शकत होते. ती फट मात्र अगदी अरुंद होती.

न्यूकॅसल हे १८६४ मध्ये वसलेले, वसाहत मंत्री ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या नावाचे उत्तर नाताळातील गाव. तेथे १८९८ मध्ये आधीपासून व्यापार करणाऱ्या भारतीयांचे परवाने पुन्हा देण्यास नकार दिला गेला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेले आणि तेथेही उत्तर आले की कायद्याने न्यायालयांचा मार्ग बंद केला आहे. नवा परवाना नाकारणे ही एक गोष्ट. पण माल भरलेला आहे, उधारी गावभर पसरली आहे, पेढीचे देणे डोक्यावर आहे आणि जानेवारीत कागद मिळत नाही, ही अगदी निराळी गोष्ट आहे. आमचे दुकान असे दुसऱ्या प्रकारचे असणार. डर्बनची छायाचित्रे काढून टाकताना विद्यार्थी नाराज झाले.

२ ऑगस्ट

वहीसाठी मदत हवी होती, म्हणून बाजारपेठेतील एका जुन्या पेढीवर चाळीस वर्षे लिहिणावळ केलेल्या दिवाणजींना बोलावले. वय ८६, नजर अजून पक्की. गुजराती नामे-पद्धतीची त्यांना माहिती आहे, कारण त्यांच्या पेढीचे शेठ कच्छकडचे होते. त्यांनी विद्यार्थ्यांकडून पानाला घड्या घालून सळ पाडून घेतले, कारण त्या वहीत आखलेल्या रेघा नसतात. घडीच हिशेबाचा रकाना. मग त्यांनी डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहायला सांगितले, आणि माझे वाणिज्याचे विद्यार्थी गोंधळले, कारण त्यांना शिकवलेल्या इंग्रजी खतावणीत नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असते.

“दिवाणजी, म्हणजे त्यांचा हिशेब चुकीचा का?” असे एकीने विचारले.

“चुकीचा कसा, बाळ? आरशात बघितलंस तर भांग उजवीकडे दिसतो, म्हणून काय डोकं फिरतं?”

हे उत्तर मी फलकावर घेतले आहे. गुजराती वही तितकीच काटेकोर आणि दुहेरी नोंदीची होती. वर्ष मात्र दिवाळीनंतर कार्तिकात सुरू होई आणि परवान्याचे वर्ष जानेवारीत. दुकानदाराला म्हणून दोन वह्या ठेवाव्या लागत : एक स्वतःसाठी, मेहत्याने रोज लिहिलेली, दुसरी अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी, पगारी इंग्रजी जाणणाऱ्याकडून उतरवून घेतलेली. आमच्या गल्ल्यावर दोन्ही उघड्या ठेवणार आहोत, तोच दिवस, तीच उधारी, उलट सुलट बाजूंना.

येथे गांधींचा एक किस्सा कामास आला. १८९३ मध्ये ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या ४०,००० पौंडांच्या दाव्यासाठी एका वर्षाच्या कराराने १०५ पौंडांवर आले, तेव्हा दाव्याचा सगळा जीव हिशेबात होता आणि या बॅरिस्टरांना ‘पी. नोट’ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. ती वचनचिठ्ठी असते हे पेढीच्या मुनिमांकडून त्यांना कळले. मग त्यांनी जमाखर्चावरील पुस्तक विकत घेऊन अभ्यास केला. विद्यार्थ्यांना हे ऐकून झालेला आनंद पाहता परीक्षेत या विषयाला यंदा थोडे बरे गुण पडतील अशी आशा आहे.

१० ऑगस्ट

द्वितीय वर्षातील एका मुलाने सांगितले, की त्याच्या पणजोबांचे केपटाउनला किराणा दुकान होते. आमच्या जिल्ह्यात हे नवल नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनारी गावांतील कोकणी मुसलमान कुटुंबांतून पुष्कळ माणसे केपटाउनला गेली आणि तेथे कोपऱ्याकोपऱ्यावर त्यांची किराणा दुकाने झाली. डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतही ती होती. ती वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाली. मुलाला वाटले होते की पणजोबांचा डबा आपल्या मांडणीत ठेवता येईल. त्याला समजावले, की केप निराळी वसाहत, कायदे निराळे, काळही नंतरचा. न्यूकॅसलच्या फडताळात केपचा डबा ठेवणे नियमात बसत नाही. तो हिरमुसला, म्हणून बाहेरच्या व्हरांड्यात एक स्वतंत्र फलक त्याच्याकडे सोपवला.

त्या फलकात गोखल्यांना जागा दिली आहे. आपल्याच जिल्ह्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले असता, जोहान्सबर्गमधील कोकणी मुसलमान आणि थोड्या महाराष्ट्रीय हिंदूंनी त्यांचे भाषण मराठीत ऐकण्याची इच्छा धरली. गांधींनी भाषांतर करण्याची तयारी दाखवली, तेव्हा तुमच्या हिंदुस्तानीची खोली मला कळली आहे, आता हे मराठी कोठून आणलेत, अशी थट्टा गोखल्यांनी केली. आणि भाषण मराठीतच झाले.

२४ ऑगस्ट

इतिहास विभागातील सहकारी बाईंनी मजकूर वाचून एक गंभीर त्रुटी दाखवली : दुकानात सगळीकडे दुकानदाराचे दुःख आहे आणि ब्लँकेट घेणारा आफ्रिकी माणूस नुसता गिऱ्हाईक म्हणून उभा आहे. ज्या भूमीवर हे गाव वसले ती कोणाची होती, हे एका ओळीतही नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. शिवाय त्या वर्षांतील भारतीय व्यापाऱ्यांच्या अर्जांत, गांधींनी लिहिलेल्या अर्जांतही, आम्हाला आफ्रिकी लोकांच्या पंक्तीला बसवू नका असा सूर वारंवार येतो, आणि तो आजच्या वाचकाला टोचतो. तो सूर लपवणे २१ जूनपासून सांगत असलेल्या गोष्टीशी अप्रामाणिक ठरेल, म्हणून परवान्याच्या फलकाशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत तो लिहिला आहे. त्यासाठी १८९७ नंतरची वाटचाल आखडती घेतली. १९०९ च्या दुरुस्तीने परवाना पुन्हा देण्याच्या प्रकरणांत न्यायालयात अपील करण्याची वाट उघडली, एवढे एकच वाक्य उरले आहे.

३१ ऑगस्ट

उद्घाटन सोमवारी. दुकान लागले आहे. बूट टांगलेले, ‘धॉल’चे पोते दारात, मागच्या खोलीत वळकट्या. गल्ल्याच्या मागे, भिंतीवर परवान्याची चौकट लावायची होती; तीत नमुन्याचा परवाना घालावा की रिकामी ठेवावी, यावर मत घेतले आणि शेवटी चौकटच काढून नुसता खिळा ठेवला. सुतारकाकांना ते मुळीच आवडले नाही. “खिळा ठोकायला मला बोलावलं होतं का?” असे म्हणत त्यांनी तो दोनदा सरळ केला.

संध्याकाळी दिवाणजींनी दोन्ही वह्या तपासल्या. गुजराती वही बरोबर निघाली. इंग्रजी वहीत विद्यार्थ्याने सात, नऊ आणि आठ पेन्स मिळवून चोवीस केले, चार मांडले आणि दोन हातचे शिलिंगांत नेले. बारा पेन्सचा एक शिलिंग हे तो विसरला होता. तेथे शून्य हवे, चार नव्हे. चार पेन्सची चूक. परवाना अधिकाऱ्याने हेच पान उघडले असते, असे दिवाणजी म्हणाले आणि त्यांनी पान फाडू दिले नाही. चूक खोडून, शेजारी दुरुस्ती करून, खाली सही करायला लावली. रविवारी सकाळी पुढची पाने पुन्हा मोजायची आहेत.